पिल्लाची किंमत विचारता, कुत्र्याचा खर्चही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी, या दोन हंगामांत घरोघरी पिल्लं येतात. आणताना चौकशी होते ती किमतीची. बीगल केवढ्याला, कॉकर केवढ्याला, आणि गावठी असेल तर ‘फुकटच की’. पुढची बारा-तेरा वर्षं दर महिन्याला काय लागेल, हा प्रश्न पहिलं मोठं बिल हातात पडल्यावर सुचतो. बरीच कुत्री त्या बिलानंतरच ओळखीच्या कुणाच्या शेतावर नाहीतर थेट हायवेला जाऊन पोचतात. म्हणून मध्यम चणीच्या, साधारण १८ किलो वजनाच्या कुत्र्याचा हिशेब इथे मांडतो. आपल्याकडचा गावठी कुत्रा बहुधा याच वजनात बसतो, बीगल आणि कॉकर त्याच्या थोडे खाली. दर शहरागणिक बदलतात, मुंबईत चढे तर तालुक्याच्या गावी बरेच उतरते. खाली दिलेले आकडे या दोन्हींच्या मधले धरावेत.

खाण्यापासून सुरुवात करू, कारण निम्म्याच्या आसपास पैसा तिथेच जातो. नसबंदी झालेल्या, दोन वेळा फिरणाऱ्या १८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला ९५० ते १००० कॅलरी लागतात. कोरड्या तयार खाद्यात किलोला ३५०० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला २७०-२८० ग्रॅम, महिन्याला साडेआठ किलो. साधं खाद्य २०० ते २५० रुपये किलोने मिळतं, तेव्हा महिना दोन हजार धरा. ६००-८०० रुपये किलोचं घेतलं तर महिना पाच ते सात हजार. निरोगी कुत्र्याला महागडंच हवं असं काही नाही. पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असा उल्लेख आणि वयोगट आहे ना, एवढं बघावं.

मोठं पोतं स्वस्त पडतं, पण उघडल्यावर ते सहा आठवड्यांत संपायला हवं, कोकणातल्या पावसाळ्यात तर चारच. दमट हवेत चरबी खवट होते, बुरशी धरते आणि कुत्रा खाईनासा झाला की लोक ब्रँड बदलत बसतात. पोत्याचं तोंड वळवून चिमटा लावावा आणि पोतं तसंच्या तसं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. खाद्य थेट डब्यात ओतलं की तळाला चिकटलेली जुनी चरबी नव्या मालालाही बिघडवते. दुकानात किलोवर सुटं मिळतं ते तर घेऊच नये. ते पोतं कधी फोडलं होतं, हे दुकानदारालाही आठवत नसतं.

‘आम्ही घरचंच देतो, स्वस्त पडतं’ हे वाक्य फार ऐकू येतं. एकदा खरोखर हिशेब करून बघा. हाडं काढलेलं २५० ग्रॅम चिकन, १२० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, एक उकडलेलं अंडं, १०० ग्रॅम लाल भोपळा किंवा गाजर आणि दोन चहाचे चमचे तेल, एवढ्यात दिवसाच्या कॅलरी भरतात. आजच्या भावाने हे दिवसाला नव्वद-शंभर रुपये होतं, म्हणजे महिना तीन हजाराच्या घरात. साध्या तयार खाद्यापेक्षा दीडपट. शिवाय चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. या कुत्र्याला रोज साधारण एक ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते मिळालं नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात ते यामुळेच. अंड्याची कवचं धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक केली तर अर्धा चहाचा चमचा रोजचं काम भागवतो. आयोडीन, झिंक, ड आणि ई जीवनसत्त्व यांसाठी डॉक्टरांना विचारून पूरक पावडर घ्यावी. उलट तयार खाद्य खाणाऱ्या पिल्लाला वर कॅल्शियमचं सिरप देऊ नये. जादा कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते, आणि वर बाटलीचे पैसे जातात ते वेगळेच. कलेजी स्वस्त म्हणून तिच्यावरच भागवू नये, आठवड्यातून दोनदा थोडीशी पुरे.

दूध-पोळीने पोट भरतं, पण प्रथिनं पुरत नाहीत. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखरही पचत नाही, मग जुलाब आणि त्यामागून दवाखाना. फोडणीतला कांदा-लसूण, द्राक्षं-मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं पूर्ण बंद. शिजलेलं हाड फुटतं तेव्हा त्याची टोकदार किरच होते आणि ती आतड्यात अडकली की ऑपरेशनचा आकडा तीस हजारांच्या पुढे सहज जातो.

आणि बिस्किटं! ग्लुकोजचं एक बिस्कीट सुमारे २५ कॅलरींचं. घरातल्या पाच माणसांनी प्रेमाने एकेक दिलं की १२५ झाल्या, म्हणजे दिवसाच्या गरजेचा आठवा हिस्सा. दोन वर्षांत १८ चे २२ किलो होतात ते असे. खाद्य वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावं. काटा तीन-चारशे रुपयांना येतो आणि महिन्याभरात वसूल होतो. सपाट पसरलेल्या पंजाची पाठ चाचपली की हाडं जशी हाताला लागतात तशा कुत्र्याच्या बरगड्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करावं. वजन वाढलं की औषधाचा खर्चही वाढतो, कारण कुत्र्याची जवळपास सगळी औषधं वजनावर ठरतात.

दुसरा मोठा खर्च गोचिडांचा, आणि काटकसर नेमकी इथे केली जाते. आपल्याकडच्या कुत्र्यांवर असतो तो तपकिरी गोचीड घरात राहायला शिकलेला आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात, खिडकीच्या चौकटीमागे जाऊन हजारोंनी अंडी घालते आणि मरते. त्यातून निघालेली पिल्लं रक्ताशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात. कुत्र्यावर दिसतात ते चार-दोन गोचीड, बाकीची फौज भिंतीत असते. म्हणून ‘दिसले की औषध लावू’ हा हिशेब चुकतो. औषध बारा महिने चालू ठेवावं लागतं, आणि आधीच प्रादुर्भाव झाला असेल तर फटी-सांध्यांत फवारणीही करावी लागते. तेवढा वेळ कुत्र्याला घराबाहेर ठेवावं आणि जमीन पूर्ण वाळल्यावरच आत घ्यावं.

मानेवर टाकायचं थेंबाचं औषध महिन्याला ४०० ते ६०० रुपये. ते खांद्यांच्या मधोमध केस फाकून थेट कातडीवर सोडायचं असतं. केसांवर सांडलं तर अर्धं वाया. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. रोज पावसात भिजणाऱ्या कुत्र्यावर हे लवकर उतरतं, तिथे चघळायची गोळी बरी. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही बारा आठवडे. बारा आठवड्यांची गोळी दोन ते अडीच हजारांना पडते. वर्षाला चार-पाच गोळ्या लागतात, म्हणजे साधारण नऊ-दहा हजार. या गोळ्या वजनाच्या टप्प्यांत येतात. एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोळीचे टप्पे १० ते २० आणि २० ते ४० किलो असे आहेत. बिस्किटांवर २२ किलोला पोचलेल्या कुत्र्याला खालच्या टप्प्याची गोळी दिली की डोस कमी पडतो आणि मग ‘औषधात दम नाही’ म्हणून दुकानदाराच्या नावाने ओरड होते. आणखी एक, घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध आणूच नये. मांजराला ते जीवघेणं ठरतं. अमिट्राझचं आंघोळीत घालायचं औषध स्वस्त आहे खरं, पण अंदाजाने दाट केलं आणि कुत्र्याने अंग चाटलं की तो गुंगतो, नाडी मंदावते. बाटलीवरचं प्रमाण मोजूनच घ्यावं आणि अंग वाळेपर्यंत गळ्यात चाटू न देणारा कोन घालावा.

रोज फिरून आल्यावर दोन मिनिटं पुरतात. बोटांच्या बेचक्या, कानाच्या पाळीची आतली घडी, पट्ट्याखालची मान, काखा आणि शेपटीचं मूळ बघावं. गोचीड सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि स्पिरिटमध्ये टाकावा. रॉकेल, उदबत्तीचा चटका, नखाने चिरडणं यातलं काहीही करू नये. मग हिरड्या बघाव्यात. अंगठ्याने दाबून सोडलं की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या, ताप, अन्नावरची वासना गेलेली, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके किंवा कॉफीच्या रंगाची लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासावं. गोचीड चावल्याने होणाऱ्या गोचीडतापात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, झपाट्याने खाली येतात. वेळेत पकडला तर एर्लिकिया या त्यातल्या जंतूवर डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स आणि तीन-चार वेळा रक्ततपासणी, असं पाच-आठ हजारांत भागतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या थांबवल्या तर काही महिन्यांनी तोच आजार जास्त जोर करून येतो. बबेशिया या गोचिडातून येणाऱ्या दुसऱ्या जंतूच्या एका प्रकारावरचं औषध स्वतःच महाग आहे, आणि रक्त चढवायची वेळ आली तर बिल वीस हजारांच्या वर जातं. वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे कुणाला जास्त वाटत असतील तर त्यांनी या आकड्याशेजारी ठेवून बघावेत.

लसींचा खर्च त्या मानाने किरकोळ. मोठ्या कुत्र्याला वर्षातून एकदा सेव्हन-इन-वन किंवा नाईन-इन-वन (अनेक आजारांची एकत्र लस) आणि रेबीज, दोन्ही मिळून तपासणीसह दोन-अडीच हजार. चूक होते ती पिल्लांच्या बाबतीत. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लस निष्प्रभ करू शकते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर पडायला हवा. ‘दोन झाले, बस’ म्हणून दहाव्या आठवड्याला थांबलेली पिल्लं पार्वोत, म्हणजे जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूत, सापडतात. मग पाच-सहा दिवस सलाईन, दहा-पंधरा हजार, आणि तरीही पिल्लू वाचेलच असं नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. औषधाच्या दुकानातून घेऊन खिशात घालून आणलेली कुपी टोचून काही साधत नाही. लसीच्या पुस्तिकेत कुपीवरचं स्टिकर, तारीख आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही हवी. नुसतं ‘सर्व लसी झाल्या’ असं लिहिलेलं विक्रेत्याचं कार्ड रद्दी समजावं. मुंबई आणि कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) भाग असलेलीच लस घ्यावी आणि ती दरवर्षी चुकवू नये. उंदीर, साचलेलं पाणी आणि पाऊस एकत्र आले की हा आजार कुत्र्याकडून माणसाकडेही येतो. जंताच्या गोळ्या दर तीन महिन्यांनी, बहुतेक गोळ्या दहा किलोला एक या मापाच्या, म्हणजे १८ किलोला दोन. वर्षाला पाचशे रुपयांच्या आत काम होतं.

नसबंदी हा एकदाच होणारा खर्च, खासगीत मादीसाठी सहा ते दहा हजार, नरासाठी त्याहून कमी. प्राणीकल्याण संस्थांकडे याहूनही स्वस्त. तो टाळलेल्या मादीत मध्यम वयाला, माजानंतर चार ते आठ आठवड्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. अचानक खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, मागून दुर्गंधी स्राव येतोय, तर उद्यावर ढकलू नये. कधीकधी स्राव बाहेर येतच नाही आणि हा प्रकार अधिक धोक्याचा. तेव्हाचं ऑपरेशन पंधरा ते पंचवीस हजारांचं, तेही विषबाधा झालेल्या शरीरावर.

आंघोळ-केसकापणीचा खर्च जातीवर ठरतो. गावठीला तीन-चार आठवड्यांनी घरीच आंघोळ आणि नखं कापणं एवढं पुरे. दर आठवड्याला शाम्पू लावला तर कातडीच कोरडी पडते. कॉकर घेतला तर दर सहा-आठ आठवड्यांनी हजार-पंधराशे बाजूला काढा, आणि लोंबत्या कानांत हवा खेळत नसल्यामुळे होणाऱ्या कानदुखीचे वेगळे. सुगंधी स्प्रे, वाढदिवसाचे केक, ‘इम्युनिटी’ची सिरपं यांवर एक रुपयाही नाही घातला तरी कुत्र्याचं काही अडत नाही.

गावाला जाण्याचा खर्च मात्र कुणी धरतच नाही. बोर्डिंगचा दर दिवसाला ५०० ते १००० रुपये, आणि गणपती-दिवाळीला महिनाभर आधी जागा भरलेल्या. ठेवण्याच्या आठवडाभर आधी गोचिडाची गोळी आणि केनेल कफ या संसर्गजन्य खोकल्याची लस झालेली असावी. रात्री तिथे माणूस असतो का, हे विचारावं आणि पिंजऱ्यांच्या कडा स्वतः डोळ्यांनी बघाव्यात, गोचीड तिथेच दिसतात. रेल्वेने न्यायचं तर एसी फर्स्टचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर ब्रेक व्हॅनमधली पेटी. मे महिन्यातल्या दुपारी त्या पेटीत कुत्रा घालू नये. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर दोन वेळा फिरवणाऱ्या माणसाचे महिना तीन-चार हजार धरा. हा एक आकडा सगळं अंदाजपत्रक बदलतो.

आता बेरीज. खाणं २४ ते ३६ हजार, गोचीड ६ ते १० हजार, लस आणि जंत अडीच-तीन, किरकोळ दवाखाना दोन-तीन, आंघोळ-नखं दोन-तीन, पट्टा-भांडी-अंथरूण दोन, दहा दिवसांचं बोर्डिंग सात. वर्षाला ४५ ते ६५ हजार, म्हणजे महिना चार ते साडेपाच हजार. पहिल्या वर्षी लसींची मालिका आणि नसबंदी मिळून आणखी दहा-पंधरा हजार. तेरा वर्षांचे, भाववाढ न धरता, सहा ते साडेआठ लाख. फिरवणारा माणूस यात नाही, आणि मोठा आजारही नाही. आठव्या वर्षानंतर दरवर्षी रक्त-लघवीची तपासणी लागते, भूल देऊन दात साफ करायला पाच-दहा हजार जातात. मूत्रपिंड थकलं तर पथ्याचं खाद्य साध्या खाद्याच्या कितीतरी पट महाग.

मोठ्या आजारासाठी महिना हजार रुपयांचं वेगळं खातं पहिल्या दिवसापासून काढावं. काही कंपन्या कुत्र्याचा विमा देतात, पण सही करण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात: प्रवेशाची वयोमर्यादा, प्रतीक्षा कालावधी, आणि गोचीडताप व दात वगळले आहेत का. ओळखीसाठी मायक्रोचिप मागतात, ती पाचशे-हजारात बसते. पैसे कमी असतील तर सरकारी सोय विसरू नये. तालुका आणि जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात केसपेपर नाममात्र दरात निघतो. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या महाविद्यालयांच्या दवाखान्यांत तज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय आहे. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होतं. महापालिकेचा परवाना नाममात्र फीत मिळतो, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो. सोसायटीने लिफ्टसाठी वेगळे पैसे मागितले तर मात्र देऊ नयेत. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात ते स्पष्टपणे नाकारलं आहे.

जाता जाता आपल्यालाच एक विनंती. छोट्या जाहिरातींच्या पानावर पिल्लांच्या विक्रीच्या जाहिराती येतात, त्यात जात आणि फोन नंबर यापलीकडे काही नसतं. श्वान प्रजनन व विपणन नियम, २०१७ नुसार पैदासकाराची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची जन्मतारीख असल्याशिवाय अशी जाहिरात छापू नये. जागा उरलीच तर त्याखाली महिन्याचा अंदाजे खर्च एका ओळीत द्यावा.

कळावे.

आपला,
एक पशुवैद्यक, सातारा